पहिल्या क्रमांकाचे योगदानकर्ते

रामकिसन अण्णांचं नाव सावरवाडीत कुठं नाही, हे शोधायला निघालं तर अर्धा दिवस मोडतो. बसथांब्याच्या कट्ट्यावर ते आहे. पाण्याच्या टाकीवर आहे. टाकीत पाणी नसलं तरी नावाला दर दिवाळीला नवा रंग मिळतो. शाळेच्या फाटकावर आहे, स्मशानभूमीच्या शेडवर आहे. तालमीत आता कुणी जोर मारत नाही, पत्ते कुटतात, पण कुटणाऱ्यांच्या डोक्यावरसुद्धा 'रामकिसन अण्णा यांच्या अथक प्रयत्नांतून' अशी पाटी आहेच. नेकनूरहून येणारी एसटी वळणावर आली की आधी अण्णांचा हात जोडलेला फोटो दिसतो, मग गाव दिसतं.

अण्णा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांची बरीच शोभा व्हायची आहे. कुणाचं अडलं तर ते स्वतःची जीप काढून माणसाला बीडच्या दवाखान्यात पोचवायचे, आणि पेशंट शुद्धीवर यायच्या आत त्याच्या उशाशी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. काम मनापासून करायचे. फक्त काम आधी की पाटी आधी असा प्रश्न आला, तर आधी पेंटरला बोलावणं जायचं.

मध्यंतरी एकदा वाडीचं सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. अण्णांनी डोक्याला हात लावला नाही, त्यांनी आपल्या मंडळींना, केशरबाईंना उभं केलं आणि निवडूनही आणलं. पहिल्या पंधरा ऑगस्टला केशरबाईंनी झेंड्याची दोरी ओढली, अण्णा शेजारून 'ओढ, ओढ, हळू' असं म्हणाले, आणि तेवढ्यावर त्यांची कारकीर्द संपली. पुढची पाच वर्षं खुर्चीत अण्णा, शिक्का अण्णांच्या खिशात, आणि सही केशरबाईंची, पण अण्णांच्या हातची. ती सही त्यांनी चांगली घोटून तयार केली होती. नावाखाली एक नागमोडी रेघ, रेघेच्या शेपटाला दोन टिंबं. तालुक्याचे साहेब म्हणायचे, सरपंचबाईंची सही मोठी रुबाबदार आहे. अण्णा लाजून 'हॅ हॅ' करायचे.

केशरबाई त्या वेळी कुठं होत्या, तर शेळ्यांच्या गोठ्यात. धारूरच्या डोंगरात त्यांचं माहेर, तिथल्या शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या, पण शिक्षणापेक्षा त्यांची जीभ जास्त चालायची. अण्णा घरभर चष्मा शोधत हिंडले की गोठ्यातून आवाज यायचा, "कपाळावर हाय चष्मा. डोळे काय भाड्यानं दिलेत व्हय?" अण्णा पेपर घेऊन ओसरीवर रेंगाळले की, "आंगूळ कोण करणार, तुमचा आज्जा?" अण्णा हे निमूट ऐकून घ्यायचे. उंबऱ्याबाहेर पडल्यावर मात्र त्यांचीही जीभ सुटायची.

ती सगळ्यात जास्त सुटायची म्हाळूवर. म्हाळू वाडीचा मेंढपाळ. स्वतःच्या मेंढरांबरोबर तो अण्णांच्या शेळ्याही रानात न्यायचा. म्हाळू लस टोचायला विसरला, एखादी शेळी लंगडताना त्याच्या ध्यानात आलं नाही, की अण्णा मोबाईल तोंडाशी धरायचे आणि आवाजी निरोपातून त्याची खरडपट्टी काढायचे. म्हाळू ते निरोप पुसत नव्हता. पुसायचे कसे ते त्याला येत नव्हतं.

आणि म्हाळूला एक लेक होती, बबिता. बीडच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकली, पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. बापाची मेंढरं दरसाल लस चुकल्यामुळं दगावतात हे बघून तिनं मोबाईलसाठी एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'वाघर'. मेंढरं रात्री कोंडायला जी जाळी लावतात, ती वाघर. कुठल्या मेंढीला कधी लस, कधी जंताचं औषध, कुठली कधी विणार, हे सगळं तो ध्यानात ठेवायचा आणि वेळ झाली की मोठ्यानं बोलून दाखवायचा. रानात रेंज नसली तरी.

पण सुरुवातीला हा प्रोग्राम फार सभ्य होता. 'कृपया लक्ष द्या, आपल्या पशुधनाच्या लसीकरणाची तारीख जवळ आली आहे,' असं एक बाई गोड गळ्यात सांगायची. मेंढपाळांना वाटायचं, बँकेचा फोन आहे, आणि ते बंद करायचे. बबिता कंटाळून गेली. एक दिवस तिनं बापाच्या मोबाईलमधले अण्णांचे निरोप ऐकले आणि तशीच अण्णांकडं गेली.

"अण्णा, तुमचं हे बोलणं मी वाघरमधी घालू का?"

"घाल की. आपलंच हाय," अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

त्या दिवसापासून वाघर अशी बोलायला लागली: "काय बे, लस टोचायची तारीक काल गेली. मेंढरं मेल्यावर रडायला कोण येणार, तुजा आज्जा?" किंवा, "मेंढरू लंगडतंय, दिसत न्हाई? डोळे काय भाड्यानं दिलेत?" मेंढपाळ दचकून उठायचे आणि लस टोचूनच खाली बसायचे. पाटोद्याच्या बाजारात वाघर एका मोबाईलमधून दुसऱ्यात गेली, तिथून नगरकडं, सोलापूरकडं गेली, पार कर्नाटकात पोचली. कानडी मेंढपाळांना शब्द कळत नव्हते, पण आपल्याला कुणीतरी झापतंय एवढं पक्कं कळत होतं.

बबितानं सगळा कोड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचनांचं बाड, इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. कुणीही घ्यावा, वापरावा, चुकलं तर दुरुस्त करून परत द्यावा. याला ओपन सोर्स म्हणतात. कोल्हापूरचा एक जण, केरळातली एक मुलगी, अशा कधी न भेटलेल्या माणसांनी त्यात भर घातली होती. अण्णांना ही पद्धत काही पटली नाही.

"फुकट देतीस ते ठीक हाय," ते म्हणाले. "पर नाव न लावता देतीस?"

"लावत्यात की अण्णा. योगदानकर्ते म्हणून एक यादी असती."

झालं. यादी म्हटल्यावर अण्णांनी हातातला पेपर खाली ठेवला. पंधरवड्यात वाडीत 'वाघर लोकार्पण सोहळा' झाला, नारळ फुटला, ढोल वाजला, आणि बबिताच्या हातात नावांचा कागद आला. पहिल्या क्रमांकावर रामकिसन अण्णा, मार्गदर्शक. दुसऱ्यावर विजयसिंह, प्रेरणास्थान. हा वाडीचा तरुण नेता, अण्णांनी एक फ्लेक्स लावला की उत्तर म्हणून दुप्पट मोठा लावणारा, त्यामुळं त्याला वगळणं शक्यच नव्हतं. मग सोसायटीचे चेअरमन, मग पोलीस पाटील, मग ज्यांनी मांडव दिला ते, मग 'स्वर्गीय हनुमान तात्या यांच्या आशीर्वादाने'. लग्नपत्रिकेत एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं तर पुढं दोन पिढ्या बोलणं बंद राहतं. बबिता त्याच गावची. एवढी यादी कोण वाचणार, असं म्हणून तिनं सगळी नावं कोडच्या शेजारी, योगदानकर्त्यांच्या यादीत जशीच्या तशी चढवली. फक्त 'स्वर्गीय' हा शब्द तिथं बसत नव्हता, म्हणून तो काढला.

आणि पुढं नेमकी ती यादी वाचणारं माणूस भेटलं.

वाघर आता बबिताच्या एकटीच्या आवाक्यातली राहिली नव्हती. दर महिन्याला नवे मोबाईल यायचे, जुना कोड त्यावर अडखळायचा, लोकांचे फोन यायचे. नोकरी सांभाळून ती रडकुंडीला आली होती. तेव्हा बंगळुरूची एक संस्था मदतीला आली. असे उघडे कोड दान घ्यायचे, माणसं नेमून सांभाळायचे, हेच त्या संस्थेचं काम. वाघर घ्यायला ते तयार होते, पण एका अटीवर. योगदानकर्त्यांमधल्या प्रत्येकानं एका करारावर सही करायची. मी दिलेलं माझं स्वतःचं आहे, दुसऱ्या कुणाकडून उचललेलं नाही, आणि ते वापरायची परवानगी मी संस्थेला कायमची देतो.

बबिता करारांचा गठ्ठा घेऊन अण्णांच्या ओसरीवर आली. अण्णांनी पहिलाच प्रश्न बरोबर विचारला.

"म्हंजे आपलं सगळं जातंय का त्यांच्याकडं?"

"न्हाई अण्णा. मेंढरं शेतात बसवतो तसं हाय. खत शेताला मिळतं, मेंढरं आपलीच ऱ्हात्यात."

"बरं बरं. मग दस्तखतच करायचीत ना? ठिव कागूद हितं. खामखा दारोदार कशापायी हिंडतीस? मी जिम्मा घेतो."

बबितानं गठ्ठा ठेवला, हीच तिची चूक. अण्णांनी जिम्मा घेतला म्हणजे काय केलं, तर दुपारी जेवण झाल्यावर ओसरीवर बसकण मारली आणि सगळ्या करारांवर स्वतःच सह्या ठोकून टाकल्या. विजयसिंहाची केली, चेअरमनची केली, मांडववाल्याची केली. पाच वर्षांचा सराव होता, हात अजून मोडला नव्हता. हनुमान तात्यांचं नाव आलं तेव्हा ते क्षणभर थांबले. तात्या, अण्णांचे चुलतभाऊ, वारले होते. पण तात्यांनी हयातीत अण्णांचा शब्द कधी मोडला नव्हता, तेव्हा मेल्यावर काय मोडणार. त्यांचीही केली, आणि गठ्ठा म्हाळूच्या हाती परत पाठवला. बबिता त्या दिवशी कामाच्या घाईत होती. तिनं मोबाईलनं एकेका पानाचा फोटो काढला आणि न बघताच पुढं धाडला.

चार दिवसांनी संस्थेच्या वकीलबाईंनी कळवलं की मला सगळ्यांशी एकदा व्हिडिओवर बोलायचं आहे. अण्णांना वाटलं, सत्कार. त्यांनी ओसरीवर खुर्च्या लावल्या, गावाला आवतण दिलं, आणि बबिताचा लॅपटॉप चौरंगावर मांडून त्याला हार घातला. शालही आणली होती, पण ती पडद्यावर टाकली तर बाई दिसणार नाहीत, हे विजयसिंहानं वेळेवर लक्षात आणून दिलं. म्हाळू नेहमीप्रमाणं पायरीवर बसला. केशरबाई आत चहाच्या आधणाशी होत्या.

पडद्यावर वकीलबाई, सत्यशीला मॅडम आल्या. मूळच्या लातूरच्या, त्यामुळं मराठीची अडचण नव्हती. हारातून त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"नमस्कार. हनुमान तात्या आहेत का? त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे होते."

सगळ्या माना भिंतीकडं वळल्या. भिंतीवर तात्यांचा फोटो होता, त्यालाही हार होता.

"बाई, त्यास्नी जाऊन लई दिस झाले," पायरीवरून म्हाळू म्हणाला. त्याला खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग गेल्या आठवड्यात त्यांनी सही कशी केली?"

"त्यांचा आशीर्वाद हाय ह्या कामाला," अण्णा म्हणाले.

"आणि इथल्या प्रत्येक सहीखाली एकच नागमोडी रेघ आहे," मॅडम म्हणाल्या. "शेवटी दोन टिंबं. सगळ्या गावाची सही एकसारखी कशी?"

आत कपबशीचा आवाज झाला आणि एकदम थांबला. विजयसिंहानं पुढं वाकून बबिताच्या हातातला कागद पाहिला. "ही माजी दस्तखत न्हाई," तो ओरडला. "अण्णा, माज्या नावानं तुमी कवा शिकला बे सही करायला?" मग त्याला आपण कुणाला 'बे' म्हणालो ते कळलं आणि तो खुर्चीत मागं सरकला.

सत्यशीला मॅडम चिडल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. उद्या कुणी उठून म्हणालं की हा कोड माझा आहे, तर संस्था हे करार पुढं करते. करार खोटा निघाला तर वाघर वापरणारा प्रत्येक माणूस गोत्यात येतो. म्हणून यात एक जरी खोटी सही असली तरी संस्था वाघर घेणार नाही. ज्यांनी खरंच काही लिहिलं असेल त्यांनी खरी सही करावी. ज्यांनी लिहिलं नसेल त्यांनी तसं इथंच सांगावं आणि नाव काढून घ्यावं.

"आज निकाल लागला नाही तर मला ही फाईल बंद करावी लागेल," त्या म्हणाल्या.

नाव काढून घ्यावं! सावरवाडीत नाव लागतं, पुसट होतं, पावसानं ओघळतं. पण आपल्या हातानं काढून घेतलेलं नाव गावानं कधी पाहिलं नव्हतं. जो पहिला उठेल त्याची इज्जत पहिली जाणार. चेअरमननं पोलीस पाटलाकडं पाहिलं, पाटलानं मांडववाल्याकडं.

"अण्णा पहिल्या नंबरावर हायत," विजयसिंह म्हणाला. "ते काय म्हणतात ते म्हणू द्या. त्यांनी लिवलं आसंल तर मीबी लिवलंय."

"रामकिसनजी, तुम्ही नक्की काय लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"मार्गदर्शन," अण्णा म्हणाले.

"ते कोडमध्ये कुठं आहे?"

त्यांनी बबिताकडं पाहिलं. एरवी ही पोरगी तोंडाला तोंड द्यायची. आज ती मान खाली घालून हातातल्या कागदाचं टोक दुमडत होती, उलगडत होती. तिनं 'खरं सांगा' असं म्हटलं असतं तर अण्णांनी तिला गप्प बसवलं असतं. ते सोपं गेलं असतं. आपण ह्या पोरीचं वाटोळं करायला बसलोय, हे अण्णांना तेव्हा स्वच्छ कळलं आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली. टाकीत पाणी नसताना टाकीवरच्या नावाची कधी वाटली नव्हती, ती सगळी आत्ता एकदम वाटली.

"न्हाई लिवलं," ते म्हणाले. "एक अक्षर न्हाई लिवलं मी. ह्या पोरीनं लिवलं. माजं नाव मी लावून घेतलं. आन दस्तखतबी सगळ्या माज्याच हायत. काढा नाव."

पुढचं काम झटपट उरकलं. पहिला नंबर पडल्यावर दुसऱ्याला धरून बसण्यात काही अर्थ नव्हता. विजयसिंह म्हणाला की आपण तर कधीपासून हेच म्हणत होतो. चेअरमन, पाटील, मांडववाला, सगळ्यांनी एकामागून एक हात वर करून आपण काहीच केलं नसल्याचं जाहीर केलं, आणि मॅडम एकेक नाव खोडत गेल्या. तात्यांचं नाव म्हाळूनं आठवण करून दिल्यावर खोडलं. अण्णा खुर्चीत मागं रेलून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते एका कार्यक्रमात होते आणि त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

"आता एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "बबिता, तुझी सही आहे, कोल्हापूरची आणि केरळची आली आहे. पण वाघरमध्ये जे बोलतं, ते कुणाचं आहे? तो आवाज, ती वाक्यं, हेसुद्धा योगदानच आहे. त्याला कुणाचीच लेखी परवानगी घेतलेली दिसत नाही."

बबितानं कपाळावर हात मारून घेतला. एवढा उघडा प्रकार तिच्या ध्यानातच आला नव्हता. झापणं हे काही काम आहे असं तिला वाटलंच नव्हतं. कुणालाच वाटलं नव्हतं. तिनं मोबाईल काढून वाघर लावली. "काय बे," अण्णांचा गळा ओसरीभर घुमला, "मेंढरं मेल्यावर रडायला कोण येणार, तुजा आज्जा?"

अण्णा खुर्चीत सरळ झाले.

"माजा आवाज हाय ह्यो!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खरं म्हणजे सगळ्यांनाच बरं वाटलं. माणूस कितीही मिरवणारा असला तरी त्याला असं उघडं पडलेलं बघवत नाही. बबिताचा तर चेहरा फुलला. तिनं कोरा करार चौरंगावर ठेवला आणि त्यातलं वाक्य मोठ्यानं वाचलं, "हे योगदान माझी स्वतःची मूळ निर्मिती असून ते मी दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं नाही." मग म्हणाली, "हितं करा, अण्णा. आता खरीखुरी."

अण्णांनी झोकात पेन काढलं, टोपण उघडलं.

"अवो," आतून आवाज आला, "च्या निवून चाललाय. ह्यो ट्रे बाहेर कोण न्हेणार, तुमचा आज्जा?"

मंडळी हसली. रोजचंच होतं. कुणाच्या काही मनात आलं नाही. अण्णांचं पेन मात्र कागदावर टेकता टेकता थांबलं. आता सही केली असती तर कुणीही काही म्हटलं नसतं. बाईमाणसाच्या तोंडचं बोलणं कुणाच्या मालकीचं असतं असं त्या ओसरीवर कुणाला ठाऊक नव्हतं. नाव पुन्हा पहिल्या नंबरावर गेलं असतं. अण्णा एकाएकी साधुसंत झाले होते अशातला भाग नाही. पण एकदा एवढ्या माणसांपुढं खरं बोलायचे कष्ट घेतले होते. लगेच त्याच्यावर खोटं लिहायचं म्हणजे ते सगळे कष्ट वाया जाणार होते.

"मॅडम," ते म्हणाले, "गळा माजा हाय. बोल माजे न्हाईत."

"मग कुणाचे?"

"आमच्या घरच्यांचे. तिनं मला 'तुमचा आज्जा' म्हणायचं, मी म्हाळूला 'तुजा आज्जा' म्हणायचं. माजं काम तेवढंच."

केशरबाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे त्यांनी अण्णांच्या मांडीवर ठेवला, पदराला हात पुसले आणि पडद्यासमोर बसल्या. आधी लॅपटॉपचा हार काढून बाजूला टाकला. मॅडमचा पूर्ण चेहरा दिसला.

"मी ह्यांना घरात बोलले, ते ह्यांनी गावभर वाटलं?"

"हो, काकू," बबिता म्हणाली.

"कर्नाटकात गेलंय म्हणं."

"हो."

केशरबाईंनी अण्णांकडं मान वळवली. "इचारलं न्हाई मला."

"चुकलं," अण्णा म्हणाले. मांडीवर ट्रे असल्यामुळं त्यांना हलताही येत नव्हतं.

"आता दिलं तर माजं ऱ्हातंय का जातंय?"

"मालकी तुमचीच राहते," मॅडम म्हणाल्या. "संस्थेला आणि लोकांना ते वापरायची परवानगी मिळते, एवढंच."

"म्हंजे ह्यांना बोलायची मला मुभा हाय?"

"आयुष्यभर."

"आन मागनं परत घ्यायचं म्हटलं तर?"

"ते नाही जमणार. एकदा दिलेली परवानगी परत घेता येत नाही. म्हणून नीट विचार करून द्या. नको वाटलं तर नाही म्हणा. आम्ही दुसरी वाक्यं घालू."

केशरबाई खरंच विचार करायला लागल्या. ओसरीवरच्या लोकांना वाटलं होतं, त्या लगेच 'करते की' म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना अशी कुणी कधी परवानगी मागितली नव्हती. घर बांधताना नाही, रान विकताना नाही, सरपंच करतानासुद्धा नाही. त्यामुळं देता येतं तसं नाकारताही येतं, ही गोष्ट त्या थोडा वेळ मनात घोळवत बसल्या. बबिताचा जीव टांगणीला लागला. त्या गोड गळ्याच्या बाईला परत आणलं तर मेंढपाळ पुन्हा बँकेचा फोन म्हणून बंद करणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

"म्हाळू," केशरबाईंनी पायरीकडं बघून विचारलं, "ते बोललं की तू खरंच अवषद पाजतूस का?"

"पाजतो वैनी. न पाजून सांगता कुणाला? लस एकदाबी चुकली न्हाई तवापास्नं. औंदा कोकरं समदी जगली."

"मग आणा कागूद."

बबितानं करार पुढं केला आणि वर बोलांची सही, खाली आवाजाची, असं दाखवलं. आणि अण्णांचा हात, पाच वर्षांच्या सवयीचा हात, आपोआप पुढं आला. "तू नगं तरास घिऊ," ते म्हणाले, "मी करतो तुजी दस्तखत. मला येती." मांडीवरचा ट्रे कलंडता कलंडता राहिला.

"ठिवा ते पेन," केशरबाई म्हणाल्या.

अण्णांनी पेन ठेवलं. केशरबाईंनी ते उचललं, कागद सरळ केला, आणि सावकाश, अक्षर अक्षर लावून सही केली. नागमोडी रेघ नव्हती. टिंबं नव्हती. 'केशर' एवढंच लिहिलं होतं, रेघेवर नीट बसवलेलं, सातवीतल्या मुलीच्या हातचं. अण्णा वाकून बघत राहिले. पाच वर्षं ठरावांवर, दाखल्यांवर, टाकीच्या कागदांवर जी सही तिची म्हणून त्यांनी केली होती, तिच्यात आणि हिच्यात काहीसुद्धा सारखं नव्हतं.

"ही तुजी सही?" त्यांनी विचारलं.

"मग कुणाची आसणार?" केशरबाईंनी कागद त्यांच्याकडं सरकवला. "आवाजाची जागा खाली हाय म्हणत्यात. तिथं तुमची करा. माजी नगं."